जुन्या पिकअपचा मागचा एक्सल ओळखायचा कसा? ठोकलेले आकडे आणि ओतलेले आकडे

"जीपचा मागचा हाफ शाफ्ट पाहिजे," म्हणजे एका चाकाला फिरवणारा एक्सलमधला दांडा, असं म्हणत माणूस स्पेअरच्या काउंटरला उभा राहतो आणि पलीकडनं पहिला सवाल येतो, "कुठला?" गाडीचं वर्ष सांगून हा सवाल सुटत नाही. जुनी पिकअप म्हणजे दोन-चार मालक, तेवढीच गॅरेजं आणि कोल्हापूरची असेल तर एखादा महापूर बघितलेली गाडी. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चेसीस नंबर असतो, एक्सलचा नंबर नसतो. मागचं हौसिंग, म्हणजे एक्सलचं ओतीव घर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, कधी बदललं, आतलं क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं, कुणी कुठलं बसवलं, याचा कागद कुठंच मिळत नाही. जे काय लिहिलंय ते लोखंडावर. तेवढं वाचता आलं तर पार्ट परत करायला दोनदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात यावं लागत नाही.

मी मूळचा पॅटर्न शॉपचा. शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सागवानाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, कोरण्यात उमेदीची वर्षं गेली. जीप-पिकअपच्या डिफ्रन्शिअलच्या, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाच्या, नादाला नंतर लागलो. त्यामुळं हौसिंग समोर आलं की माझी नजर आधी अक्षराच्या जातीकडं जाते. अक्षर उठावाचं आहे की खोलगट?

उठावाचं अक्षर पॅटर्नमधनं येतं. आम्ही ते पॅटर्नवरच बसवतो, वाळूत त्याचा ठसा पडतो आणि ओतलेल्या प्रत्येक नगावर तेच अक्षर जसंच्या तसं उमटतं. म्हणजे हा नंबर त्या एका नगाचा नव्हे, सगळ्या घराण्याचा. खोलगट अक्षर मात्र मशीनिंग झाल्यावर, नळ्या बसल्यावर, बहुतेक वेळा जोडणी पुरी झाल्यावर पंच आणि हातोड्यानं किंवा दाबयंत्रानं ठोकलेलं असतं. ते सांगतं की या नगात कुठला रेशो (क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा) भरला, कुठल्या गाडीसाठी भरला आणि कधी भरला.

बहुतेकांचा घोळ इथंच होतो. हौसिंगवरचा मोठा ठसठशीत उठावाचा नंबर दिसतो, त्याचा फोटो काढतात आणि "हा घ्या पार्ट नंबर" म्हणून पाठवतात. तो कास्टिंग नंबर असतो. त्याच कास्टिंगमधनं पाच रेशोची आणि दोन-तीन जातींच्या शाफ्टची हौसिंगं बाहेर पडलेली असतात. त्यावरनं घराणं कळेल, शाफ्ट मागवता येणार नाही.

गाडीखाली जाण्याआधी

सपाट फरशी बघा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. मागची बाजू जॅकनं उचलली की लगेच एक्सलच्या नळ्यांखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, सरकवा आणि मगच अंग आत घाला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणाऱ्या माणसाला मी माझ्या शेडमध्ये उभा करत नाही, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो.

साफसफाई करताना ग्राइंडर लांब ठेवा. पंचाचं अक्षर जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर खोल असतं. ग्राइंडरची चकती एकदा फिरली की अक्षर गेलं ते गेलं. आधी लाकडी पट्टीनं किंवा बोथट खरवडणीनं चिखल आणि ग्रीसचा थर काढा. मग डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी त्या जागी गुंडाळून रात्रभर राहू द्या. सकाळी हातानं तारेचा ब्रश मारा, पण नळीच्या लांबीच्या दिशेनं, आडवा नको. वर रंगाचे थर असतील तर रंग काढायचं द्रावण लावा. खरवडून रंग काढायच्या भानगडीत पडू नका.

जागा कोरडी झाली की पांढरा खडू आडवा धरून घासा आणि बोटानं पुसून घ्या. खोलगट भागात खडू राहतो, अक्षर उठून दिसतं. बॅटरीचा उजेड समोरनं टाकू नका, अगदी नळीला चिकटवून तिरका टाका आणि बाजू बदलत राहा. डावीकडनं उजेड टाकल्यावर ८ वाटलेला आकडा उजवीकडनं टाकल्यावर ३ निघतो, कारण पंच वाकडा पडला की अक्षराची एक कड खोल आणि दुसरी उथळ जाते. तरीही लागत नसेल तर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा. ३ आणि ८, ० आणि ६, १ आणि ७, आणि इंग्रजी बी आणि ८ या जोड्या हमखास फसवतात. शंका आली तर दोन्ही आकडे लिहून ठेवा. एकच धरून बसू नका.

महापुरातनं गेलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा किती पिकअप हौसिंगसकट पाण्यात होत्या. हौसिंगच्या वरच्या बाजूला हवा जायला ब्रीदर असतो, त्यातनं आणि जुन्या सीलमधनं पाणी आत शिरतं. अशा नळीवर गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि पंचाची अक्षरं त्यात मिसळून जातात. तिथं नळीवर वेळ घालवू नका, सरळ कव्हर उघडा.

महिंद्रा आणि विलीजची जीप-पिकअप

आपल्याकडं जुनी पिकअप म्हटलं की दहातल्या आठांच्या डोळ्यांपुढं महिंद्राच येते. दुधाचे कॅन, गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे, लग्नातली वाजंत्री, सगळं हिच्यावरनंच गेलेलं. या गाड्यांचं मूळ अमेरिकेतल्या विलीज जीपमध्ये आहे आणि विलीजचे एक्सल स्पायसर कंपनीचे. क्लॅरेन्स स्पायसरनं हा धंदा १९०४ साली सुरू केला, पुढं चार्ल्स डाना त्यात आला आणि १९४६ साली कंपनीचं नावच डाना झालं. म्हणून जुना मिस्त्री 'स्पायसर ४४' म्हणतो आणि नवीन पोरगं 'डाना ४४' म्हणतं. वस्तू एकाच घराण्याची आहे, वाद घालू नका.

आकडा वाचायच्या आधी एक नजर चाकाच्या मधोमध टाका, त्यातच अर्धं उत्तर असतं. हबच्या मधोमध गोल फ्लॅन्ज आहे आणि ती भोवतीच्या बोल्टांनी आवळलेली आहे, तर तो फुल फ्लोटिंग एक्सल. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीजला मागं असाच, स्पायसर २३-२ जातीचा असायचा. तिथं गाडीचं वजन हबवर असतं, शाफ्ट नुसता चाक फिरवतो. मधोमध खाचांचा मोठा नट आणि त्यातनं आडवी कॉटर पिन दिसली, तर तो टेपर शाफ्ट. नंतरच्या स्पायसर ४१-२ ला आणि ४४ च्या जुन्या अवताराला हाच असतो. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब बसतो आणि मध्ये चावी असते. आणि तिसरा प्रकार म्हणजे ड्रम ओढून काढला की मागं शाफ्टचीच फ्लॅन्ज आणि तिच्यातच चाकाचे स्टड. ही नंतरची सुधारणा.

हे तिन्ही शाफ्ट एकमेकांच्या जागी बसत नाहीत. काउंटरवर पहिलं वाक्य हेच बोलायचं: "टेपरचा आहे" किंवा "फ्लॅन्जचा आहे". टेपरचा हब काढायला पुलर लागतो. शाफ्टच्या टोकावर घण मारून हब सुटत नाही. त्या दणक्यानं आतलं बेअरिंग आणि मधला थ्रस्ट ब्लॉक मात्र कामातनं जातो.

आता गाडीखाली. जुन्या जीपचा मागचा मधला गोळा बरोबर मध्यावर नसतो, उजवीकडं सरकलेला असतो. ट्रान्सफर केसमधनं, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणाऱ्या पेटीतनं, प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत येणारा लांब दांडा) उजव्या अंगानं बाहेर पडतो म्हणून ही रचना. त्यामुळं डावी नळी लांब, उजवी आखूड. गोळ्याला मजबुतीसाठी ज्या फासळ्या ओतलेल्या असतात त्यांच्यावर नळीजवळ बघा. डानाच्या कास्टिंगवर तिथं उठावात ४४ असा आकडा सापडतो. मोठ्या पिकअपच्या हौसिंगवर ६० सापडेल. ४४ च्या क्राऊनचा व्यास साडेआठ इंच, म्हणजे २१६ मिलिमीटर. ६० चा पावणेदहा इंच, म्हणजे २४८. दोघांच्याही कव्हरला बोल्ट दहाच, म्हणून नुसते बोल्ट मोजून निकाल देऊ नका.

घराणं कळलं की लांब नळीकडं वळा. डानाच्या नंतरच्या काळातल्या एक्सलवर लांब नळीच्या मागच्या अंगाला खोलगट आकडे असतात: सहा आकडे, आडवी रेघ आणि पुढं एक आकडा. हा जोडणीच्या यादीचा नंबर. त्या यादीत त्या एक्सलमधला प्रत्येक भाग येतो. शाफ्टची लांबी, आट्या म्हणजे स्प्लाइन किती, सील कुठलं, बेअरिंग कुठलं, रेशो काय, सगळं. शेजारीच जोडणीची तारीखही ठोकलेली असते, ती या नंबरात मिसळून लिहू नका. हा एक नंबर नीट वाचता आला तर बाकी काही सांगायची गरज उरत नाही. फक्त एवढं की अमेरिकेतला तक्ता अमेरिकेत जोडलेल्या एक्सलचा आहे. भारतात जोडलेल्या हौसिंगवर वेगळा नंबर दिसला तर तो जबरदस्तीनं त्या तक्त्यात कोंबू नका.

तिसरी जागा कव्हरच्या बोल्टखाली. तिथं पत्र्याचा छोटा बिल्ला असतो आणि त्यावर रेशो असतो. कधी दातांच्या जोडीत, ४३-८ असा, कधी सरळ ५.३८ असा. असतो म्हणजे कारखान्यातनं निघताना होता. कव्हर उघडणाऱ्या पहिल्याच मिस्त्रीनं तो बऱ्याचदा फेकून दिलेला असतो. आणि बिल्ला सापडला तरी तो कारखान्यातली गोष्ट सांगतो, आत आज काय आहे ते सांगत नाही. शाहूवाडीकडनं आलेल्या एका पिकअपवर ५.३८ चा बिल्ला होता आणि आत क्राऊन ३९ दातांचं निघालं. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या गाडीतलं क्राऊन-पिनियन घातलं होतं, कव्हर मात्र जुनंच लावलं होतं.

कव्हर न उघडता रेशो

त्यामुळं बिल्ला असो वा नसो, चाक फिरवून बघायचंच. गिअर न्यूट्रल, फोर-बाय-फोर काढलेलं, हँडब्रेक सोडलेला. एक मागचं चाक जमिनीवर टेकलेलं राहू द्या आणि एकच उचला. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लॅन्जवर खडूची खूण, टायरवर खडूची खूण. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि एका माणसाला खाली बसवून प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक अडलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा, म्हणून शाफ्टचे जेवढे फेरे होतील तोच रेशो. पाच आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर ५.३८. पाचाला थोडं कमी पडलं तर ४.८८. आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये हे दोन आकडे सारखे कानावर पडतात. ते स्वच्छ वेगळे करायचे तर दोनाऐवजी दहा फेरे मारा. एकीकडं जवळपास २७ फेरे येतात, दुसरीकडं साडेचोवीसच्या आत. मग गोंधळाला जागा राहत नाही.

एकटं चाक फिरायलाच तयार नसेल तर आत लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र धरून ठेवणारं डिफ्रन्शिअल, असू शकतं. गाडी गिअरमध्ये टाका, दोन्ही चाकं उचलून एक फिरवा. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं तर साधं डिफ्रन्शिअल. दोन्ही एकमेकांना धरून बसली तर लिमिटेड स्लिप, नाहीतर कुणीतरी आत वेल्डिंग मारून ठेवलंय. शर्यतीच्या हौशेपायी आपल्याकडं हेही करतात.

कव्हर उघडल्यावर

खाली परात ठेवा आणि कव्हरचे बोल्ट सैल करा. सगळ्यात वरचा एक बोल्ट शेवटपर्यंत राहू द्या, नाहीतर कव्हर सुटून तेलाची आंघोळ होते. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलेलं आहे. मग आकडे नंतर, आधी बेअरिंग बघा.

क्राऊनच्या कडेला, दातांच्या बाहेरच्या अंगाला, चिंधीनं पुसत सावकाश फिरवा. इथं पंचानं किंवा कोरणीनं तीन-चार गोष्टी लिहिलेल्या असतात: पार्ट नंबर, दातांची जोडी, तारीख आणि जोडीचा नंबर. दातांची जोडी आपल्या कामाची. ४३ आणि ८ दिसले तर ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५, ज्याला सगळे ५.३८ म्हणतात. ३९ आणि ८ म्हणजे ४.८७५. ४५ आणि ११ म्हणजे ४.०९. ४१ आणि ११ म्हणजे ३.७३.

कोरलेलं पुसलं गेलं असेल तर मोजा. एका दातावर मार्करनं खूण करा आणि क्राऊनचे दात मोजा. पिनियनचे दात कव्हरच्या बाजूनं धड दिसत नाहीत, क्राऊन ज्यावर आवळलेलं असतं तो केज आडवा येतो. त्यासाठी सगळं खोलायची गरज नाही. चाक फिरवून आलेला अंदाजे रेशो आहेच. समजा अंदाज ५.४ आला आणि क्राऊनचे दात ४३ भरले. ४३ ला ५.४ नं भागा, ७.९६ येतं. दात काही अपूर्णांकात नसतात, ते आठच. म्हणजे नेमका रेशो ४३ भागिले ८. आधीचा अंदाज आणि हा मोजलेला आकडा मिळून उत्तर पक्कं होतं आणि दोन्हींपैकी कुठंतरी चूक झाली असेल तर भागाकार अधेमधे लटकतो, लगेच कळतं.

पिनियन बाहेर काढायची वेळ आलीच तर त्याच्या डोक्यावरचं लिखाण नक्की टिपून घ्या. तिथं जोडीचा नंबर असतो. क्राऊनवरच्या नंबराशी तो जुळलाच पाहिजे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं निघतात. जुळला नाही तर कुणीतरी दोन वेगळ्या जोड्यांचं लग्न लावलंय आणि घाटात येणाऱ्या घुंईई आवाजाचं कारण तेच. दुसरी खूण म्हणजे अधिक, उणे किंवा शून्य असा एक छोटा आकडा. तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो. अधिक ३ म्हणजे हा पिनियन ठरलेल्या जागेपेक्षा तीन हजारांश इंच क्राऊनच्या मध्यापासून लांब बसवायचा. उणे असेल तर तेवढा जवळ. पिनियनच्या आतल्या बेअरिंगमागच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, यावरनं ठरतात. जुन्यावर अधिक २ होतं आणि नव्यावर उणे २ आहे, तर नवा चार हजारांश पुढं सरकला पाहिजे, म्हणजे तेवढ्या जाडीची शिम वाढवायची. हे सुरुवातीचं माप. शेवटचा निकाल दातांवर रंग लावून, क्राऊन फिरवून, डाग कुठं पडतो ते बघूनच द्यायचा. पण सुरुवातच चुकीच्या जागेवरनं केली तर दिवसभर शिम काढ-घाल करत बसावं लागतं.

शाफ्ट बाहेर आला असेल तर आट्या मोजा. ४४ च्या शाफ्टला जुन्या काळी १० आट्या होत्या, पुढं १९ आल्या आणि नंतर ३०. बाहेरनं हौसिंग सारखं दिसतं, पण १९ चा शाफ्ट ३० च्या साइड गिअरमध्ये जायचा नाही.

शेवरलेट, फोर्ड, डॉज

माझा भाचा टेक्सासात असतो. तिकडं त्यानं १९७८ ची शेवरलेट सी-१० पिकअप घेतली आणि तेव्हापासून "मामा, हे काय लिहिलंय बघा" म्हणून फोटो पाठवत असतो. त्या निमित्तानं तिकडच्या खुणाही पाठ झाल्या. आपल्याकडंही हौशी लोक अशा गाड्या आणतात, तर थोडक्यात सांगतो.

शेवरलेटला आधी कव्हरचे बोल्ट मोजायचे. बारा बोल्टवाल्या पिकअप एक्सलचं क्राऊन ८.८७५ इंचांचं. दहा बोल्टवालं साडेआठ इंचांचं. कोड उजव्या नळीवर ठोकलेला असतो. इंग्रजी अक्षरांचा गट रेशो आणि गाडीचा प्रकार सांगतो, एक अक्षर कारखान्याचं आणि तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १०६ असेल तर १६ एप्रिल, लीप वर्षात एक दिवस आधी. गंमत अशी की या ठोकलेल्या कोडात वर्षच नाही. वर्ष हवं तर पुन्हा उठावाच्या अक्षरांकडं यावं लागतं. ओतकामाच्या तारखेत महिन्याचं एक अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा शेवटचा आकडा. डी १४ ८ म्हणजे १४ एप्रिल आणि साल आठवर संपणारं. १९६८ की १९७८ ते गाडी बघून ठरवायचं.

पॅटर्नवर ही तारखेची पट्टी सुटी असते, स्क्रूनं बदलता येते, म्हणून आम्हा लोकांना तिचं कौतुक. आणि तिच्यामुळं एक चोरी पकडता येते. ओतकाम नेहमी जोडणीच्या आधीचं. नळीवर १०६ वा दिवस आणि कास्टिंगवर त्याच सालातला जून असेल, तर एकतर तुम्ही आकडा चुकीचा वाचला किंवा साल दुसरं आहे. भाच्याच्या गाडीत १४ एप्रिलचं कास्टिंग आणि मे महिन्यातली जोडणी, सरळ निघालं.

या गाड्यांच्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर कागदी लेबल असतं. ऐंशीच्या दशकातल्या लेबलवर जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१० आणि जी८० म्हणजे लॉकिंग डिफ्रन्शिअल.

फोर्डच्या नऊ इंची एक्सलला मागं कव्हरच नसतं. मागून बघितलं तर गुळगुळीत पाठ, सगळा गिअरचा संच पुढच्या बाजूनं बाहेर येतो. त्याच्या पुढच्या बोल्टखाली बिल्ला असतो. ३ ५० म्हणजे ३.५० चा साधा. मध्ये एल अक्षर घालून ३ एल ५० असेल तर लॉकिंगवाला. क्रायस्लरच्या पावणेनऊ इंची एक्सललाही मागं कव्हर नाही. डॉजच्या हलक्या पिकअपमध्ये तो असायचा. तिथं पुढच्या कास्टिंगवरच्या उठावाच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे बघायचे: ७४१, ७४२ किंवा ४८९. या तिन्हींच्या पिनियनची जाडी वेगवेगळी, सगळ्यात बारीक ७४१ ची.

रेशो कळला, आता त्याचं काय

५.३८ चा रेशो गगनबावड्याच्या घाटात भरलेल्या गाडीला देवासारखा. हायवेला तोच जीव काढतो. ६.००-१६ चं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ताशी ६० ला ५.३८ वर प्रॉपेलर शाफ्ट मिनिटाला सुमारे २,४०० फेरे फिरतो, ४.०९ वर सुमारे १,८००. टॉप गिअरमध्ये इंजिनचेही तेवढेच. म्हणून पुण्याला जाणारे मालक रेशो बदलायला येतात. त्यांना मी दोन गोष्टी आधीच सांगतो.

एक, डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंचा केज वेगळा, ३.९२ आणि त्यावरच्यांचा वेगळा. ५.३८ वरनं ४.०९ वर आलात तर तोच केज चालेल, ३.७३ चं क्राऊन आणलंत तर त्या केजवर ते पिनियनच्या फार जवळ येतं, बसणारच नाही.

दोन, गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढच्या एक्सलचा रेशोही तोच पाहिजे. पुढचा एक्सल वेगळा आणि लहान असतो, जुन्या जीपला बहुतेक डाना २५ किंवा २७, पण दातांचं गणित मागच्याशी जुळलंच पाहिजे. पुढं ५.३८ आणि मागं ४.०९ ठेवून डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर टाकलं की दोन्ही एक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि हरतो तो ट्रान्सफर केस. म्हणून जुनी गाडी विकत घेताना पुढचं चाकही उचलून फेरे मोजा. मागचा रेशो कुणीतरी बदलला आणि पुढचा तसाच ठेवला, असं सर्रास सापडतं.

पार्ट मागवताना फोटो पाठवायचे ते असे: चाकाच्या मधोमधचा एक, कव्हरचा सगळे बोल्ट दिसतील असा एक, फासळीवरच्या उठावाच्या आकड्याचा एक आणि नळीवरच्या ठोकलेल्या आकड्याचा एक. शेवटच्या फोटोत खडू घासलेला असावा आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली असावी. सोबत शब्दांत लिहा: टेपर की फ्लॅन्ज, आट्या किती, क्राऊनचे दात किती, फेरे मोजून रेशो काय आला. शाफ्ट असेल तर डावा की उजवा. जुन्या जीपला गोळा बाजूला असल्यामुळं दोन्हींची लांबी वेगळी. नुसतं "जीपचा" म्हणू नका.

कव्हर परत लावताना नवीन पॅकिंग, इपी ९० तेल फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत, आणि ब्रीदर फुंकून मोकळा आहे का ते बघा. जुना बिल्ला आतल्या रेशोशी जुळत असेल तर त्याच बोल्टखाली परत आवळा. जुळत नसेल किंवा नसेलच, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बोटभर पट्टी कापा, तिला भोक पाडा आणि पंचानं दातांची जोडी, आट्यांची संख्या आणि साल ठोकून ती लावा. अक्षरं पत्रा फरशीवर ठेवून ठोका, हौसिंगवर धरून नव्हे.